जावईबापूंचा टग

गुरगाव,
१४ ऑक्टोबर २००१

ती. श्रीपादराव यांस,

पद्माकरचा गुरगावहून साष्टांग नमस्कार. हेमलतावहिनींचा गुडघा कसा आहे हे पहिल्याच ओळीत विचार, असं शालिनीने बजावलं होतं, ते विचारून झालं. इकडे सगळे ठीक आहेत. (सगळे म्हणजे मी सोडून, माझं खाली सविस्तर येईलच.) तुम्ही म्हणाल, फोन सोडून पत्र कशाला? तर आमचा फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये काकासाहेब आहेत. ते तुमचे वडील. पण त्यांच्याविषयी त्यांच्यादेखत बोलायचं धाडस तुम्हालाही होत नाही, मग जावयाने ते कुठून आणावं? तुळशीच्या लग्नानंतर तुम्ही झेलमने येऊन त्यांना पुण्याला नेणार, तिकिटंही काढलीत. त्याआधी त्यांनी इथे माझे काय हाल केले ते तुमच्या कानावर घालणं मला भाग आहे.

तुमच्या आई गेल्यावर मार्चमध्ये ते 'चार दिवस हवापालटाला' म्हणून आले. लेकीच्या घरी राहायचं नसतं, हे त्यांचं मत तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामुळे ट्रंक पलंगाखाली न सरकवता दारापाशीच, कुलूप लावून. दोन जोड कपडे तेवढे बाहेर. दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचं आणि संध्याकाळी शालिनीला विचारायचं, श्रीपाद कधी येतोय. मुंबईच्या गोदीत छत्तीस वर्षं टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस, मोठमोठ्या जहाजांना कान धरून धक्क्याला लावणारा. तो त्या एका प्रश्नाखेरीज पाच महिने 'हो', 'नको' आणि 'मीठ' एवढ्यावर राहिला. शालिनी पोळ्या लाटता लाटता रडायची. मी मानेसरला कारखान्यात जाऊन ते विसरायला बघायचो. विसरता येत नव्हतं, हे कबूल करतो.

आता तळ्याविषयी. बिल्डरच्या पुस्तिकेत आमची इमारत 'लेक व्ह्यू' आहे आणि चित्रात राजहंस आहेत. प्रत्यक्षात तो मागच्या गावाचा जोहड, म्हणजे म्हशींचं तळं, आणि म्हशींनी अजून राजहंसांना जागा करून दिलेली नाही. तरी सेक्टरातले आम्ही चार-पाच हौशी रविवारी सकाळी तिथे रिमोटवरच्या छोट्या बोटी सोडतो. (कोणाला मुलगा सिंगापूरहून आणून देतो, कोणाला मेहुणा दुबईहून. माझी पांढरी यॉट कारखान्यात आलेल्या जपानी पाहुण्याने दिली. मेहुण्यांविषयी मी अधिक लिहीत नाही.) ऑगस्टमध्ये एका रविवारी काकासाहेबांना बळंच नेलं. माझी यॉट जलपर्णीच्या दिशेने निघाली. ते त्यांना माझ्या आधी दिसलं. पण जावयाला आज्ञा करायची नाही, ही तुमच्या घरची रीत! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यांनी मला आजवर कधी खिडकी लावायलाही सांगितलेलं नाही. त्यांनी सुरुवात केली की जावईबापू, आपली हरकत नसेल आणि मी मधे बोलतो असं आपणास वाटणार नसेल, तर यॉट किंचित डाव्या अंगाला... वाक्य क्रियापदापर्यंत पोचेतो यॉट जलपर्णीत शिरून आडवी झाली होती. काठावर बसलेला म्हशीवाला ताऊ म्हणाला, "बाबूजी, भैंस तो आपै लिकड़ आवै सै, थारी किश्ती ना लिकड़ै."

ताऊचं खरं होतं, म्हैस आपली आपण बाहेर निघते, बोट निघत नाही. आत कमरेइतका चिखल, त्यामुळे उतरायची सोय नाही. आठवड्याभरात समोरच्या खन्नासाहेबांची बोटही तिथेच जाऊन रुतली. दोन्ही बोटी बाल्कनीतून दिसायच्या. काकासाहेब त्यांच्याकडे चार दिवस बघत बसले आणि पाचव्या दिवशी जेवताना ताटाकडे पाहून म्हणाले, "टग पाहिजे."

मग जे सुरू झालं त्याने आमच्या घराची दशा झाली. दारापाशची ट्रंक त्यांनी उघडली, तर आत कपडे जेमतेम चार, बाकी कानशी, पकडी, करवती आणि मेणकापडात गुंडाळलेला, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर. (चार दिवसांच्या हवापालटाला!) ती हत्यारं त्यांनी एकेक करून शालिनीच्या ओट्यावर मांडली आणि शालिनी आत जाऊन पुन्हा रडली, पण या वेळचं रडणं निराळं होतं. बोटीचं अंग कारखान्यातल्या पॅकिंगच्या खोक्याच्या लाकडाचं. मोटर गाडीच्या वायपरची, तपासणीत नापास झालेली, मी रीतसर सही करून आणलेली. बॅटरी स्कूटरची. रिमोट लजपतराय मार्केटातून आणलेल्या खेळण्यातल्या गाडीचा. पंखा शालिनीच्या पितळी डब्याच्या झाकणाचा, आणि त्यात जलपर्णी अडकू नये म्हणून भोवती आमची चहाची गाळणी. त्या दिवसापासून आम्ही चहा फडक्याने गाळून पितो आणि गाळणीचा विषय कोणी काढत नाही. यात माझं काम काय, तर धरणे. लाकूड धरणे, तार धरणे, टॉर्च धरणे. मी कारखान्यात चाळीस माणसांचा साहेब आहे, हे तुमच्या वडिलांना कोणीतरी सांगायला हवं.

गेल्या रविवारी टग पाण्यात सोडला. सगळा सेक्टर काठावर. रिमोट माझ्या हातात, कारण काकासाहेबांचे हात हल्ली जरा थरथरतात (हे त्यांना सांगू नका, त्यांना वाटतं आम्हाला दिसत नाही). टग बुटका, जाडा, दिसायला अगदीच गावठी, पण काय ताकद! खन्नासाहेबांची बोट त्याने पहिल्या फेरीत आणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी थोडा फुगलो. दुसऱ्या फेरीत टगच्या आकड्याने माझी यॉट पकडली, टग वळला, आणि तेवढ्यात ताऊची सर्वांत मोठी म्हैस पाण्यातून उठून बरोबर समोर आली. मला काही सुचेना. शेजारून काकासाहेबांनी सुरुवात केली, "जावईबापू, आपली हरकत..." आणि तिथेच थांबले. मग सगळ्या जोहडाला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे पद्म्या, गाढवा, मागे घे! मागे!"

मी मागे घेतला. म्हैस गेली. टग यॉटला घेऊन सुखरूप काठाला लागला. पण टाळ्या वाजवायच्या सोडून शालिनी थर्मास हातात धरून आमच्याकडे बघत राहिली होती, आणि काकासाहेब कानापर्यंत लाल होऊन बुटांकडे. सव्वीस वर्षांचा मान एका म्हशीपायी गेला होता. श्रीपादराव, माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हापासून मला हक्काने गाढव म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. तुम्हाला म्हणून सांगतो, मला फार बरं वाटलं. इतकं की डोळे पुसायला मी रिमोट खाली ठेवला आणि टग उगाच काठावर आपटला, त्याबद्दल पुन्हा गाढव.

तेव्हापासून मला घरात क्षणाची उसंत नाही. पद्म्या दिवा लाव, पद्म्या कानस अशी धरतात का, पद्म्या तुझ्या कारखान्यात तुला ठेवलंय कोणी. मी ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आत हातात सँडपेपर. आता दुसरा टग चालू आहे, कारण पहिल्याचं नाक त्यांच्या मते माझ्यासारखं बसकं आलंय. असे हे हाल आहेत. वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला,
पद्माकर

ता. क. १ : वरचं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की बिचाऱ्याला लवकर मोकळं करावं. कृपा करून तसं वाटून घेऊ नका.

ता. क. २ : मुद्द्याचं आता लिहितो. तुळशीच्या लग्नानंतर जरूर या, वहिनींना घेऊन या, आठ दिवस राहा. पण परतीचं काकासाहेबांचं तिकीट रद्द करा. हे त्यांच्यासमोर बोलायची माझी छाती नाही. ते लेकीच्या घरी राहणार नाहीत आणि मी त्यांना कोणत्या नात्याने थांबवू ते मला सुचत नाही. तुम्ही थोरले आहात, तुम्हीच काहीतरी निमित्त काढा. पुण्याच्या घराला रंग चालू आहे म्हणा.

(याखाली वेगळ्या, थरथरत्या अक्षरात:)

चि. श्रीपाद यास अनेक आशीर्वाद. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट उघडं होतं, वाचलं. वायपरची मोटर नापास नव्हती, चांगली होती, नापास मोटरवर काम होत नाही. पद्म्याच्या हाताला वळण नाही. शिकेल, पण एक-दोन वर्षं लागतील. घराला रंग लावायची गरज नाही. तिकीट रद्द कर. नातेवाइकांत कोणी विचारलंच, तर लेकीकडे आहेत म्हणू नकोस. धाकट्या मुलाकडे असतात, असं सांग.