एकवीस दिवस आधी

प्रिय चिंगे,

आधी एक कबुली देते, म्हणजे मोकळी होईन. गेली अठ्ठावीस वर्षं मी तुझ्याशी रोज भांडते आहे आणि तू एकदाही उलट बोलली नाहीस. सख्ख्या बहिणीशी असं एकतर्फी भांडायचं सुख लहानपणी मिळालं असतं तर काय हवं होतं! या अंतराळजहाजात तू काचेच्या पेटीत गार पडून झोपलेली, तुझ्यासारखेच आणखी चारशे जण ओळीने झोपलेले, आणि तुमच्यामधून लोकरी मोजे घालून फिरणारे आम्ही पाच जागे. त्यातली मी उठवणारी. म्हणजे वर्षातून एकदा तुमची नखं काढायची, महिन्यातून एकदा कूस बदलायची आणि लढाईच्या एकवीस दिवस आधी सगळ्यांना जागं करायचं. तुम्ही मिनिटाला एकच श्वास घेता, पण चारशे जण एकदम घेता. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी दाराशी खिळून राहिले. अजूनही रोज तिथे पाय थांबतातच.

एकवीस दिवस कशाला, असं तू विचारणारच. इतकी वर्षं झोपलेल्या माणसाचे हात त्याचे राहत नाहीत गं. थरथरतात, भलतीकडेच जातात. एकविसाव्या दिवशी प्रत्येकाने माझ्यासमोर बसून सुईत दोरा ओवायचा. ओवला की तो लढायला मोकळा. यंत्रं सतरा आहेत, पण माझा भरवसा सुईवर. आपल्यापुढे धावणारं एक जहाज होतं, सगळ्यात वेगवान. चार वर्षांपूर्वी ते ठरल्यापेक्षा तेरा दिवस आधी शत्रूपाशी पोहोचलं. शत्रूला गाफील गाठू म्हणून वेग वाढवला, आणि माणसांना उठायला मिळाले जेमतेम आठ दिवस. जहाज ठणठणीत, तोफा ठणठणीत, पण तोफांवरच्या पोरापोरींची बोटं बटणावर टेकेनात. आम्हाला खिडकीतून फक्त एक पांढरा ठिपका दिसला. मग तोही दिसेना. आमच्या पाचांतले इंजिनवाले काका तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते, कारण तो वेग त्यांच्याच धाकट्या भावाने काढून दिला होता.

आणि तरी माणसाची खोड जाते का बघ! आज शत्रूचा ताफा दिसला तेव्हा हेच काका उड्या मारत आले, म्हणाले की नऊ दिवसांत पोहोचवून दाखवतो. कप्तानबाईंनी माझ्याकडे पाहिलं. घरात जेवायला काय करायचं हेसुद्धा जिला कुणी कधी विचारलं नाही, तिला आपल्या चाळीस जहाजांचं विचारत होत्या! मी एकवीस म्हणाले. काका भडकले, बारा दिवस शत्रूला फुकट देतेस म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण बाई म्हणाल्या की नुसतं जहाज पोहोचून काय करायचंय, माणसं पोहोचली पाहिजेत. तासाभराने मी खिडकीशी गेले. चाळीसच्या चाळीस जहाजं सावकाश उलटी वळली आणि वेग कमी करायला सगळ्यांच्या शेपटीतून एकदम निळा जाळ निघाला. आवाज नाही, धूर नाही. त्या एवढ्या काळोखात डोंगराएवढी जहाजं माझ्या एका शब्दावर पाय रोवत होती. मी चक्क हात जोडले, कुणाला ते विचारू नकोस.

मग उठवायच्यांची यादी करायला बसले आणि तुझ्या नावापाशी पेन अडलं. खरं सांगते, लपवत नाही. ‘अयोग्य’ एवढं लिहून सही केली की तू झोपूनच राहिली असतीस. लढाई तुझ्या डोक्यावरून निघून गेली असती आणि परतीच्या वाटेवर मी तुला उठवलं असतं. माझ्या सहीला इथे कुणी उलट विचारत नाही. चहा गार झाला, तरी पेन हलेना. पण तुझ्या तोफेवर दुसरं कुणी बसलं असतं, त्यालाही मीच उठवणार होते, आणि त्याच्यासाठी जीव टांगणीला लावून बसलेलं कुणी असेलच की. शिवाय तू मला जन्मात माफ केलं नसतंस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. लिहिलं ‘योग्य’. लिहिलं आणि खूप रडले. मला भीती वाटतेय चिंगे, फार भीती वाटतेय.

उद्या सकाळी पहिली पेटी तुझी उघडेन. झोपेतून उठताना डोळे लगेच काम करतात, कान मात्र दोन दिवस उघडत नाहीत. मी कितीही ओरडले तरी तुला ऐकू येणार नाही, म्हणून हे लिहून तुझ्या डोळ्यांसमोर धरते आहे. कागदामागे एक बाई दिसेल. पांढरे केस, चष्मा, हनुवटीखाली सैल पडलेली कातडी. तुला वाटेल, आई आली. निरोप द्यायला आली होती तेव्हा आई एक्कावन्न वर्षांची होती आणि अगदी अश्शीच दिसत होती. आई नाही गं ती. आई आपल्या प्रवासाच्या अकराव्या वर्षी गेली, शेवटपर्यंत दोघींची नावं घेत होती असं कळलं. ही मी आहे. आपण एकाच दिवशी जन्मलो, एका पाळण्यात वाढलो. तू तेवीसची राहिलीस आणि मी आईएवढी झाले. घाबरू नकोस. हवं तेवढं बघून घे मला, रडू आलं तर रड. मी इथून हलत नाही.

तुझीच,
उशाशी बसलेली