पत्ता खरा, पण झाकलेला

सोमवार, ४ मार्च

सकाळी जुन्या घरमालकीणबाईंचा फोन. "तुझ्या ताईचा नवरा येऊन गेला." माझ्या हातातली सुई तशीच राहिली. त्याच्या घरातून पळून माझ्याकडे आलेली ताई समोर पुस्तकांसाठी पुठ्ठे कापत होती. तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं.

त्याच्याकडे आमचा जुना पत्ता होता, माझ्या नावासकट. बाई म्हणाल्या, "मी सांगितलं, त्या कधीच गेल्या. कुठे ते मला काय ठाऊक!" चांगलं ठाऊक आहे त्यांना – नव्या जागेचं कुलूप त्यांनीच तर आणून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा इतकं सफाईदार खोटं बोलले म्हणाल्या. देव त्यांचं भलं करो.

पण त्याला पत्ता दिला कुणी?

मंगळवार, ५ मार्च

कुणीच नाही. उघडाच पडला होता.

पुस्तकबांधणीची वेबसाइट काढली, तेव्हा तिचं नाव नोंदवताना माझं नाव, पत्ता, फोन द्यावा लागला होता. ती नोंद इंटरनेटवर कुणालाही बघता येते. आज मी बघितली. घर बदलल्यावर नोंद बदलायची राहून गेली, म्हणून वाचलो.

ताई म्हणाली, "तुझा आळस पहिल्यांदाच कामी आला." दोघी हसलो. मग ती रडली.

गुरुवार, ७ मार्च

नाव नोंदवणाऱ्या कंपनीचा ईमेल. तुमचा पत्ता चुकीचा असल्याची तक्रार आली आहे, मुदतीत दुरुस्त करा, नाहीतर वेबसाइट बंद होईल.

तक्रार कुणाची, ते सांगायला ज्योतिषी नको.

खरा पत्ता टाकला तर तो दारात. नाही टाकला तर कामच बंद – सगळी गिऱ्हाइकं तिथूनच येतात. ताई म्हणे, "मीच जाते कुठेतरी. माझ्यापायी तुझा धंदा कशाला बुडायला हवा?" मी चिडले. गोंद वाळून गेला, तरी भांडत होते. ती कुठेही जाणार नाही.

शुक्रवार, ८ मार्च

कंपनीला फोन केला. उचलणारी बाई आवाजावरून माझ्याच वयाची. मी विचारलं, "कुठलातरी भलताच पत्ता टाकला तर?"

"तसं करू नका," ती म्हणाली. "उद्या वेबसाइटचं नाव कुणी लाटलं, तर ते तुमचं आहे हे कशावरून दाखवाल?" मग तिनेच विचारलं, "पण तुम्ही असं का विचारताय?"

सांगितलं सगळं. अनोळखी बाईला! ती म्हणाली, "खरा पत्ता आमच्याकडे ठेवा, लोकांपुरता झाका. ती सोय आहे, तुमच्या नोंदीला सुरू केलेली नव्हती. आधी झाकू, मग बदलू. याच क्रमाने. मी फोनवर आहे."

कोर्टाकडून मागणी आली तर द्यावा लागतो, हेही तिने लपवलं नाही. "पण नवरा आहे म्हणून कुणी मागितला, तर नाही." बाहेरच्याला फक्त निरोप पाठवता येईल. निरोप आमच्याकडे येईल, पत्ता त्याच्याकडे जाणार नाही.

तिचं नाव विचारायचंसुद्धा राहिलं.

सोमवार, ११ मार्च

नोंद पुन्हा काढून बघितली. नाव झाकलेलं, पत्ता झाकलेला, फोन झाकलेला. तक्रार निकाली, वेबसाइट चालू. ताईने स्वतः तीन वेळा बघितलं. मग खिडकी उघडून कामाला बसली. इथे आल्यापासून ती खिडकी तिने कधी उघडली नव्हती.

घरमालकीणबाईंच्या फाटक्या पुस्तकांना नवी कापडी बांधणी करून पाठवायची ठरवली.

बुधवार, २० मार्च

कंपनीमार्फत निरोप आला. ताईच्या सासूचा. "पत्ता विचारत नाही. सूनबाई बरी आहे का, एवढंच कळवा. ती निघाली त्या सकाळी मागच्या दाराची कडी मीच काढून ठेवली होती. आता मीही ते घर सोडलंय. बहिणीकडे आहे." खाली बहिणीचा नंबर.

ताई आजवर समजत होती, कडी लावायची कुणीतरी विसरलं.

तिने आपला नंबर झाकून फोन लावला. पलीकडे सासूचाच आवाज. बराच वेळ नुसतं "हो आई, हो आई." मग डोळे पुसले आणि आमचा पत्ता सांगितला – सावकाश, एकेक शब्द, त्यांना लिहून घेता यावा म्हणून.