गव्हाच्या कोठीतला पंप

१५ डिसेंबर २०२४, रविवार

घात झाला! शेतात भरीत पार्टी होती. वांगी भाजणार अर्थात मीच — साऱ्या नरडाण्यात माझ्यासारखं भाजतो कोण! कपाशीच्या काड्या ओलसर निघाल्या, धूर नुसता लोळला. आठ वर्षांची नात दिपू माझ्या मांडीशी बसलेली. आधी खोकली, मग छातीत शिट्टी वाजू लागली. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाई. सूनबाई मोहिनी तिला उचलून गाडीकडे पळाली. आणि मी काय बोललो? चार पाहुण्यांत — "आमच्या सात पिढ्यांत दमा नाही. हिनं माहेराहून आणला!"

पोरीचा श्वास अडकलेला, अन् मला घराण्याची पडली.

१६ डिसेंबर

काल दवाखान्यात मशीनच्या वाफेनं दिपू मोकळी झाली. आज धुळ्याला डॉक्टरीणबाईंनी तिला नळीत जोरात फुंकायला लावलं, औषध देऊन पुन्हा. दुसऱ्या वेळी नळीवरचा आकडा चढला. "हा दमाच. श्वासनळ्या सुजतात, आवळतात. धूर, थंडी, धूळ — निमित्त." तोंडात ओढायचा औषधाचा पंप रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी. मी म्हटलं, सवय लागेल. "नाना, सवय लागते म्हणून चष्मा काढून ठेवता का?"

मग बाईंनी विचारलं, "घरात कोणाला होता?"

दिपूच्या बापानं, माझ्या भूषणनं, माझ्याकडे पाहिलं. बापापुढे बोलेना पोरगा. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत राहिलो.

१७ डिसेंबर

आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून — म्हण जणू माझ्यासाठीच केली. लिहूनच टाकतो. भूषणला लहानपणी दर हिवाळ्यात हेच व्हायचं. मोठेपणी कमी झालं, पण पंप घरात होता. मोहिनीकडची मंडळी घर बघायला आली, त्या सकाळी तो मी गव्हाच्या कोठीत कोपरभर खुपसला. नंतर शोधला, सापडला नाही. बरंच झालं म्हटलं!

आणि वर, दिपूचा खोकला हटेना तेव्हा मोहिनीच्या आईला, इंदिराबाईंना, तोंडावर म्हणालो — "रोगट पोरगी गळ्यात बांधली." दोन वर्षं झाली, ती माउली आमचा उंबरा चढली नाही.

१८ डिसेंबर

दिपूनं पंप घेतला. मला म्हणते, "नाना, तुम्ही मोजा." पाच श्वास मोजले. सांगायचं मात्र आजही राहिलं. भ्याड!

१९ डिसेंबर

सांगितलं. मोहिनी भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"माले ठाऊक व्हतं, नाना. लग्नानंतर पहिलंच दळण काढताना सापडला. दर साली गहू भरताना मीच परत तळाशी ठेवस. वाटे, एक दिन तुम्हीच काढशात."