चौदा नग, एकही ओरखडा नाही

३ मार्च
आजपासून ही वही फक्त गाडीच्या हत्यारांसाठी. घरगुती मजकूर लिहायचा नाही.
लाल दोन सीटर, १९६४ची. कंपनीने तिच्याबरोबर कॅनव्हासच्या गुंडाळीत चौदा नग दिले होते. जॅक, पाने, पक्कड वगैरे. माझ्याकडे तेरा आहेत. कमी आहे तो शिशाचा हातोडा, चाकाचं मधलं मोठं नट ठोकून सैल करायचा. गेल्या वर्षी चेर्वियाच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक इंजिनियर तास्सिनारींनी गुंडाळी उलगडली, मोकळ्या खणात बोट घातलं आणि नुसतं ‘हं’ म्हणाले. त्या ‘हं’पायी दोन गुण गेले आणि कपही गेला. यंदा कप आपलाच. प्रदर्शन १५ जूनला.

३ मार्च, जेवणानंतर
लोरेदाना म्हणाली, १५ जूनला आपल्या लग्नाला चाळीस वर्षं होतात, लक्षात आहे ना? म्हटलं, म्हणून तर तुला गाडीने समुद्रावर नेतोय, दोघंच. एकदम खूश. लगेच फोन करून चेसेनातिकोच्या समुद्रकाठच्या खानावळीत दुपारी एकचं टेबल सांगून टाकलं. प्रदर्शनाचं बोललो नाही. योग्य वेळी सांगेन. चेर्विया वाटेतच आहे, जवळजवळ.

१९ मार्च
इमोलाच्या जुन्या बाजारात पाच हातोडे पाहिले. सगळे वापरलेले. शिसं मऊ. एक घाव घातला की खळगा पडतो, आणि तो तास्सिनारींना दहा पावलांवरून दिसतो.
लोरेदाना म्हणाली, तळघरात बाबांचा हातोडा आहे की! सासरे टायरवाले होते, लहानपणी ही त्यांच्या हाताखाली चाकं बदलायची. तीस वर्षं ठोकलेला हातोडा. मी तिला समजावलं की वापरलेला हातोडा काहीच कामाचा नसतो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला या विषयात रस वाटू लागलाय.

६ एप्रिल
नेरिओ मेकॅनिककडे. मी औषधांचं दुकान सोडून सात वर्षं झाली तरी तो मला डॉक्टर म्हणतो, विशेषतः टोमणा मारायचा असेल तेव्हा. म्हणाला, डॉक्टर, वर्षभरात गाडी किती पळवलीत? म्हटलं, गॅरेजातून अंगणात, चार वेळा. म्हणाला, मग हत्यारं कशाला, अंगणात पंक्चर होणार आहे? मागचे टायर दगड झालेत, बदला आता. म्हटलं, प्रदर्शनानंतर बघू. तर गड्याने मला न विचारता स्टेपनीला नवा टायर चढवला. परीक्षक स्टेपनी बघत नाहीत, म्हणून सोडून दिलं.

२ मे
मिळाला! पार्माला, एका म्हाताऱ्या बाईंकडे, कंपनीच्या मेणकागदात. एकही खळगा नाही. घरी येऊन चौदाही नग टेबलावर मांडले आणि खरंच डोळे भरून आले. लोरेदाना म्हणाली, हे जेवणाचं टेबल आहे. तरी वाकून पाहिलंन. म्हणाली, बाबांनी पहिल्याच दिवशी याला कामाला लावलं असतं.
संकल्प: हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. कुणाला हातात द्यायचा नाही. चार किलो वजन उतरवायचं, म्हणजे परीक्षकांसमोर गाडीतून रुबाबात उतरता येईल.

१८ मे
उतरण्याचा सराव. दोनदा लोरेदानाने हात धरून ओढलं. सीट फार खोल आहे. वजनाचा संबंध नाही.

९ जून
रोजच्या वापराचा जॅक आणि पाना डिकीतून काढून घरी ठेवला. अस्सल मालाशेजारी बाजारू सामान बरं दिसत नाही.

१४ जून
प्रदर्शनाचं अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज ठेवावं. निघायचं सकाळी साडेसातला. लोरेदाना म्हणाली, एकच्या जेवणाला? म्हटलं, सकाळचा समुद्र काही वेगळाच. नवा निळा झगा इस्त्री करून ठेवलाय तिने.
वजन एक किलो जास्त. काट्यावर गुंडाळी घेऊन उभा होतो बहुतेक.

१५ जून, रविवार, सकाळी ८.२०
पंक्चर. मागचं उजवं. पीचच्या बागेला लागून थांबलोय. नेरिओ फोन उचलत नाही. लोरेदाना म्हणाली, हत्यारं आहेत ना, चौदाच्या चौदा? म्हटलं, ती प्रदर्शनाची आहेत. कुठलं प्रदर्शन, असं तिने विचारलं. सांगावं लागलं.

८.४०
लोरेदाना बोलत नाही. परिस्थिती आटोक्यात आहे.

८.५५
बोलली. म्हणाली, हातोडा दे. म्हटलं, जरा शांतपणे विचार कर. म्हणाली, चाळीस वर्षं शांतपणेच केला, आण इकडे.

९.२०
चाक बदललं. नव्या झग्यावर, अठरा मिनिटांत. एकूण सहा घाव. प्रत्येक घाव माझ्या काळजात बसला. तिच्या हनुवटीला ग्रीस लागलं होतं. छान दिसत होती, पण माझं लक्ष जॅककडे होतं. म्हणाली, चल, बस. म्हटलं, पाच मिनिटं, हत्यारं अशीच गुंडाळली तर कॅनव्हासला डाग पडतील. तिने तीनदा हॉर्न वाजवला.

९.४५
पुसून झाली. चौदा नग, क्रमाने. गाडी नाही.
फेरी मारून येईल. राग निवायला वेळ लागतो.

११.३०
एक ट्रॅक्टरवाला थांबला. म्हणाला, काय बिघडलं? म्हटलं, काही नाही. मग गाडी कुठाय? म्हटलं, समुद्रावर. त्याने माझ्या मांडीवरच्या हत्यारांकडे पाहिलं, दोन पीच दिले आणि गेला. रविवारी या रस्त्याला बस नाही, तेवढं सांगून गेला.

दुपारी १.१५
लोरेदानाचा फोन. आवाजात राग अजिबात नव्हता. म्हणाली, माशांचा रस्सा फक्कड झालाय. गाडी काय पळते रे, इतक्या वर्षांत बोलला नाहीस कधी! खानावळीच्या मालकाने समोरचं दुसरं ताट उचलू का विचारलं. ती म्हणाली, उचला.
पीच गोड आहेत. पण मला तिच्यासमोर बसून जेवायचं होतं.