ओला अंगठा

बागियो, १४ नोव्हेंबर

प्रिय लिगाया,

तुझं पत्र आणि खोका, दोन्ही पोचले. आम्ही दोघी बऱ्या आहोत. धुकं दुपारपर्यंत उठत नाही, आईचे गुडघे कुरकुरतात, माझं दुकान चाललंय. तू पाठवलेले साबण आईनं कपाटात कपड्यांमध्ये ठेवलेत. मी एक वडी वापरायला घेतली तर माझ्यावर डाफरली.

तुझी झाडं कशी आहेत, हे तू माझ्या तब्येतीच्या आधी विचारलंस. मजेत आहेत. हाँगकाँगला जाताना दुधाच्या डब्यांत लावून गेलीस ती जाड पानांची रोपटी आता सगळी खिडकी अडवून बसली आहेत. आई मांस भाजायची काडी मातीत खुपसते, कोरडी निघाली तरच पाणी घालते, तेही चमच्यानं, बुंध्याशी. पानांच्या मधोमध थेंब राहिला तर फडक्याच्या टोकानं टिपते. गळलेलं पानसुद्धा टाकत नाही. जरा सुकू देते, मग मातीवर नुसतं ठेवते, आणि त्याला पिल्लं फुटतात. आल्यागेल्याला सांगते, "ही माझ्या लिगायाची. तिचा हातच गुणाचा!" रोज काडी धुऊन कोण ठेवतं, हे कुणी विचारत नाही.

मला तुझ्या झाडांचा मत्सर वाटतो. राहायचं परदेशी आणि लाड करून घ्यायचे इथल्या खिडकीत बसून, हे तुलाच जमतं बाई.

मागच्या महिन्यात मी काय केलं ते ऐक. ते गुलाबी कडांचं मोठं रोप आहे ना, त्याच्यापुढे उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "काय देखणं आहेस गं!" पुढं दृष्ट टाळायचं 'पुएरा उसोग' म्हटलं नाही. मुद्दामच. म्हटलं, लागू दे दृष्ट, वाळू दे मेलं.

आई हातातली पळी घेऊनच धावत आली. "नुसतं कौतुक करून मोकळी झालीस? थुंकी लाव पानाला!"

"झाडाला कुणाची दृष्ट लागतेय, आई?"

"तुझी," ती म्हणाली. माझाच अंगठा धरला, माझ्याच जिभेला लावला आणि पानावर टेकवला. पुढच्या आठवड्यात त्या रोपाला फुलांचा तुरा आला.

तू लिहितेस की नाताळला येशील आणि आईला तुझ्या ला उनियोनच्या नव्या घरी नेशील, कायमची, झाडांसकट. समुद्राच्या उबेनं गुडघे बरे होतील म्हणतेस. पानभर झाडांबद्दल लिहून मी हा विषय टाळतेय, हे तुला कळलंच असेल. आईला मी अजून विचारलेलं नाही. ती लगेच हो म्हणेल, याची भीती वाटते.

काल शेजारच्या देलियाबाई कॉफीला आल्या होत्या. मी पडद्यामागे तांदूळ निवडत होते. त्या आईला म्हणाल्या, "पासिंगसारखी लेक मिळायला नशीब लागतं. तुमचं सगळं करते बिचारी, आणि तुमच्या तोंडी नाव मात्र सदा धाकटीचं!"

आई भडकलीच. "गप्प बस! आधी पुएरा उसोग म्हण. लिगायाचं मी गावभर कौतुक केलं, आणि गेली ती समुद्रापलीकडं. आता ही एकच उरलीय माझ्यापाशी. हिच्याबद्दल मी चांगला शब्द काढत नाही, आणि काढणारही नाही!"

मग मला बाहेर बोलावलं, देलियाबाईंना अंगठा ओला करायला लावून माझ्या कपाळावर टेकवून घेतला, आणि माझ्यावरच ओरडली, "उभी काय राहिलीस? तांदळात खडे तसेच आहेत!"

मी आत जाऊन रडले. तांदूळ काही धड दिसेनात.

तर आता उत्तर देते. झाडं खुशाल ने. किनाऱ्यावरची हवा दमट, तिथं पाणी आणखी कमी घाल. काडी मी बरोबर देईन. आई मात्र मी देणार नाही. तिला विचारूसुद्धा नकोस. तू रडलीस तर ती यायला तयार होईल, मला माहीत आहे. मत्सर म्हण हवं तर. आहेच.

फोटोतल्या निळ्या झग्यात तू फार सुंदर दिसतेस. पुएरा उसोग. खाली शाई पसरली आहे, तिथं मी अंगठा ओला करून टेकवलाय. या वेळी कुणाला धरून लावावा लागला नाही.

तुझी ताई,
पासिंग