आईने मोजलेले वेढे

पप्पा, तुमचा ॲम्प्लिफायर जळाला. मागच्या महिन्यात, सकाळी, कॅसेटवर बुद्धवंदना चालू असताना. आधी आवाजात घरघर आली, मग दूध करपल्यासारखा वास, आणि मागच्या जाळीतून धुराची एक बारीक रेघ. मी धावत जाऊन पिन उपटली. आई हात जोडून बसली होती, ती तशीच बसून राहिली आणि डोळे न उघडता म्हणाली, "खिडकी उघड. त्यांच्या हातचा आहे तो, असा जळायचा नाही." मी खिडकी उघडली. तेव्हापासून मला घरात एका जागी बसवत नाहीये. हे पत्रसुद्धा ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. मधेच गॅस पुसते, मधेच गॅलरीत जाऊन येते. येरवड्यावरून आता विमानं पूर्वीपेक्षा खाली उतरल्यासारखी वाटतात, एक गेलं की पुढचं वाक्य सुचतं आणि दुसरं आलं की विसरतं.

तुम्ही तो जुन्या बाजारातून आणलात तो रविवार मला आठवतो. सायकलच्या कॅरियरवर गोणपाटात बांधलेला, आणि तुम्ही सायकल ढकलत चालत आलेले. आईने दारातच विचारलं, "चालतो का?" तुम्ही म्हणालात, "चालेल." आई म्हणाली, "म्हणजे चालत नाही." चालत नव्हताच. परदेशी बनावटीचा, समोर जाड ॲल्युमिनियमची पट्टी आणि वजनदार बटणं, पण आतला ट्रान्सफॉर्मर जळून काळा झालेला. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तुमच्या मित्रांनी बघून मान हलवली. तुम्ही गल्लीतल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडून हाताने फिरवायचं मशीन मागून आणलंत, स्वयंपाकघरात पाटावर आवळून बसवलंत, आणि तांब्याची तार नव्याने गुंडाळायला घेतली. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्याच्या बोटांतून तार सोडायची, म्हणजे मोजायला तुमचं लक्ष उरायचं नाही. मोजायचं काम आईचं.

आई मटार सोलत मोजते आहे. हे मी आत्ता होत असल्यासारखं लिहिते, कारण मला ते तसंच दिसतं. मी दारात बसले आहे, मला बोलायची बंदी आहे. एक बाजू पूर्ण होते, तिथून तारेचं टोक बाहेर काढलं जातं, दुसरी बाजू सुरू होते. दोन्ही बाजूंना वेढे अगदी सारखे पडले पाहिजेत, एवढं तुम्ही आईला समजावलेलं आहे. दुसरी बाजू निम्मी होते आणि वीज जाते. अंधारात तुमचा आवाज, "आकडा लिहून ठेव गं." आणि आईचा, "का? माझं डोकं गळकं आहे का?" सातवीनंतर तिची शाळा सुटली होती, पण पाढे ती उलटे म्हणून दाखवायची, तेही पोळ्या लाटता लाटता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने न अडखळता आकडा सांगितला, आणि तुम्ही तिथून पुढे दांडा फिरवायला लागलात.

मग तो बल्ब. दुरुस्त केलेली कुठलीही वस्तू तुम्ही सरळ प्लगला लावत नव्हतात, मधे लाकडी फळीवरचा शंभराचा बल्ब जोडायचात. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटणार. सगळं ठीक असेल तर एकदा उजळून मंद होणार. आपल्या घरात त्यामुळे उजेडाची भीती वाटायची आणि बल्ब मंदावला की जीव भांड्यात पडायचा. आई आतून ओरडली, "मंदावला का?" तुम्ही म्हणालात, "मंदावला." त्या दिवसापासून घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिने सांगितलं आहे, "फिरवला यांनी, पण मोजला मी. एक वेढा इकडचा तिकडे नाही." अजूनही सांगते. गॅसवाल्यालाही सांगते.

तो गरम मात्र फार व्हायचा. थंडीत मी शाळेचे मोजे त्याच्या जाळीवर वाळत घातले होते आणि तुम्ही मला तेवढं एकदाच खरंखुरं रागावलात. "त्यालाही श्वास घ्यायला जागा लागते, मोजे तुझ्या तोंडावर ठेवू का?" असं म्हणालात. आईने विचारलं की एवढा का तापतो, तर तुमचं ठरलेलं उत्तर, "गरम होतो एवढंच."

तुमच्याही छातीत दुखत होतं एवढंच. कामावरून येताना तुम्ही दवाखान्यात जात होता, गोळ्या घेत होता, आणि घरी येऊन चहाबरोबर शेव मागत होता. तुम्ही गेल्यावर हत्यारांच्या पेटीत फ्यूजच्या डबीखाली गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली. आईने ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. तेव्हापासून इतकी वर्षं ती तुमच्याबद्दल तक्रारीचं एकच वाक्य बोलते, "मला कळलं नसतं का?" भांडी लावताना बोलते, झोपताना बोलते. समोर कोणी नसलं तरी बोलते.

आता ऐका, मी काय केलं ते. तुमचीच पेटी काढली आणि तो उघडला. दोन मोठे कपॅसिटर, टॉर्चमधल्या जाड सेलसारखे, एकाचं डोकं फुगून फुटलेलं. ते पर्समध्ये घालून ऑफिसमधून सुटल्यावर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून ते पाहिले. "ताई, हे कुठल्या उत्खननात सापडले?" मी म्हटलं, "घरात." तो म्हणाला, "घर जपा." मग म्हणाला, "नुसते कपॅसिटर बदलू नका. पूर्ण पॉवर सप्लाय बदला, ट्रान्सफॉर्मरसकट. नाहीतर थोड्या दिवसांनी परत इथेच उभ्या असाल. मला काय, मला चालेल." ट्रान्सफॉर्मर बदलायचा नाही, असं मी सांगितलं. "का? सोन्याचा आहे?" मी कपॅसिटर परत पर्समध्ये ठेवले. तो म्हणाला, "मग आधी मोजून बघा."

रविवारी आई विहारात गेल्यावर मी तुमच्या मीटरने मोजलं. एका बाजूला व्होल्टेज जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. मीटरचा सेल बदलून परत मोजलं. तेच. आईचा आकडा वीज गेलेल्या रात्री कुठेतरी हलला होता. आणि मग मला तो रेझिस्टर दिसला. पांढरा, चौकोनी, खडूच्या तुकड्याएवढा, फक्त जास्तीच्या बाजूला. मूळ बांधणीतला नव्हे, मागाहून बसवलेला. सोल्डर तुमचंच होतं, ते मी कुठेही ओळखेन: लहानसं, चकचकीत, वरचं टोक अगदी मुळापासून कापलेलं. जास्तीचं व्होल्टेज तुम्ही त्या रेझिस्टरमध्ये उष्णता करून जिरवत होता. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. बल्ब मंदावला त्याच सुमारास माहीत झालं असणार, आणि आई पाहुण्यांना सांगत असताना तुम्ही बाजूला बसून मान डोलवत होता.

मला आधी रडू आलं, खोटं कशाला सांगू. किती हळवं वाटलं ते. मग मी टॉर्च मारून नीट पाहिलं. रेझिस्टरखालची सर्किटची पाटी जळून तपकिरी झाली होती, आणि फुटलेला कपॅसिटर नेमका त्याला चिकटून होता. इतकी वर्षं त्या धगीने तो सुकत होता. तुमचा चांगुलपणा, पप्पा, शेजाऱ्याला भाजत होता. मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि घरभर फिरले. हे आईला दाखवायचं कसं? तुम्ही तिच्यापासून लपवलेली गोळ्यांची पट्टी ही एकच गोष्ट होती असं ती समजून आहे. त्याच्या कितीतरी वर्षं आधी, तिच्याच नाकासमोर, तिच्याच स्वयंपाकघरात तुम्ही असंच काही लपवून बसलात, हे तिला सांगायचं? आणि नाही सांगायचं तर मग मी कोण झाले?

मी नवा ट्रान्सफॉर्मर आणला. नवे कपॅसिटर, नवी पाटी, सगळं. परवा दुपारी जोडून झालं. आता घरात सगळे एलईडी, ते या कामाला चालत नाहीत. तुमच्या पेटीत पेपरात गुंडाळलेला एक तारेचा बल्ब निघाला, तो फळीवर लावला. बटण दाबलं. आई आतून म्हणाली, "मंदावला का?" मी बल्ब नीट बघायला वाकले. ती हात पुसत बाहेर आली, स्वतः पाहिलं आणि म्हणाली, "मंदावला की." मी बल्ब काढून गाण्यांची कॅसेट लावली आणि ती शेजारी खुर्ची ओढून बसली. काढून ठेवलेला जुना ट्रान्सफॉर्मर तिने मांडीवर घेतला, लहान मूल घ्यावं तसा.

"माझे वेढे बरोबर होते ना?"

"बरोबर होते आई. तार जुनी झाली."

इतक्या पटकन बोलले मी. तुमच्याच चालीत. ती काही वेळ गाणं ऐकत राहिली. गाण्यामागे असायची ती घूंघूं आता अजिबात नाही, आवाज स्वच्छ आहे, थोडा परका वाटतो. मग तिने जाळीवर तळवा ठेवला. "थंड आहे हा."

"नवीन आहे ना."

"मी तेव्हाच म्हटलं होतं त्यांना. एवढा तापतोय तर माझंच काही चुकलं असेल. काढा, परत गुंडाळू, मी परत मोजते. या वेळी लिहूनही ठेवते म्हटलं." ती हसली. "तर म्हणाले, राहू दे गं, गरम होतो एवढंच."

पप्पा, तिला परत मोजायचं होतं. तिची चूक झाकून तुम्ही तिला सांभाळलंत असं मला दोन आठवडे वाटत होतं, आणि ती तर मटाराचं ताट बाजूला ठेवून तयार बसली होती. कदाचित गोळ्यांच्या बाबतीतही तशीच तयार बसली असती. तुमच्यावर मी अशी कधी चिडले नव्हते. चिडून भाजी चिरली, बोट कापलं, आईने हळद लावली आणि विचारलं, "काय झालंय तुला?" मी म्हटलं, "काही नाही."

हे पत्र कुठे टाकणार, आणि तुम्ही कुठे वाचणार. पण एक सांगून थांबते. काल मी परत तपकीर गल्लीत गेले आणि तांब्याच्या तारेचं रीळ आणलं. दुकानदार म्हणाला, "आता कारखाना काढताय का?" जुन्या ट्रान्सफॉर्मरवर परत वेढे घालायचे, आईने मोजायचे, असं मनात आहे. रीळ कपाटात टॉवेलांच्या मागे ठेवलं आहे, त्याच्याशेजारी तो पांढरा रेझिस्टर. ती शेजारच्या खोलीत आहे, जागी आहे. मी अजून तिला यातलं काहीच दाखवलेलं नाही.