एकेचाळीस तारे

३ फेब्रुवारी १९७१
आजपासून रोज लिहिणार. दुब्नाच्या अणुसंशोधन संस्थेत एकोणीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेय. शाळा चार इयत्ता. साहेबलोक यंत्रातून कण सोडतात, तो काचेवरच्या लेपातलं अणुकेंद्र फोडतो. फुटल्या जागी रेघांचा तारा. जाड रेघ केंद्राच्या तुकड्याची, बारीक रेघ हलक्या कणाची. दोन्ही धरल्याशिवाय आत काय होतं ते कळत नाही. रेघा शोधते मी. म्हणजे जग कशाचं बनलंय, ते निम्मं मीच सांगते.

५ फेब्रुवारी
एक काच दोघींनी वेगवेगळी बघायची, मग वह्या ताडायच्या, असा नियम. माझे तेवीस तारे, शेजारच्या नोन्नाचे अडतीस. बाई, तारे मोजायचे असतात, तोडायचे नसतात. ग्लेब झाखारोविच साहेबांना सांगितलं. दोन्ही वह्या ठेवून घेतल्या. पटलं असणार.

९ फेब्रुवारी
दिवा कमजोर. बदलून घेतला. नवाही तसलाच. नात ताया म्हणते, डॉक्टरकडे चल. सूपमध्ये मिठाऐवजी साखर पडली म्हणून एवढं. डबे सारखे ठेवते कोण?

१२ फेब्रुवारी, दुपार
आकडे असेच राहिले तर मला खाली दाराशी लोकांचे कोट सांभाळायला बसवणार, असं कानावर आलं. ठरवलं : रोज गाजर. आणि शंका आली की तारा धरायचा.

१६ फेब्रुवारी
नवी काच. एकेचाळीस! एका ताऱ्याची बारीक रेघ तर मी नजर हलवली की हलायची. असं अजून कुणी पाहिलं नसेल. वेगळ्या पानावर लिहिलं.

१७ फेब्रुवारी
साहेबांनी बोलावलं. माझी वही पुढ्यात.
"अग्रिपिना साव्विश्ना, ती काच यंत्राजवळ गेलीच नव्हती. कोरी होती."
मी म्हटलं, आकाशातूनही कण पडतात, तुम्हीच सांगितलंत.
"पडतात. नोन्नाला दोन सापडले."
तुमच्या वर्षभराच्या काचा तिला परत बघाव्या लागतील, असंही म्हणाले. हळू बोलत होते. ओरडले असते तर उत्तर देता आलं असतं.

१८ फेब्रुवारी
कोटांची खोली. काम सोपं. संध्याकाळी नोन्ना आली. तिला बजावलं, माझ्या काचा डाव्या कोपऱ्यापासून बघ, घाई नको. म्हणाली, "तिथूनच बघते. तुम्हीच शिकवलंत ना." मी तिचा कोट काढून दिला. तिने तो परत टांगला आणि शेजारचा, स्वतःचा, घेतला.